पंचविसाव्या ओळीखाली

३ मार्च, सोमवार

ही वही मला अकराव्या स्क्रीनमुळे लिहावी लागते आहे. आमच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जुन्या नोंदी शोधायच्या अकरा वेगवेगळ्या स्क्रीन आहेत. रक्ताची एक, लघवीची एक, काचपट्ट्यांची एक, अशा. सगळ्या मीच लिहिल्या, एकोणीस वर्षांत, जशी मागणी आली तशी. पहिलीची नक्कल करून दुसरी, दुसरीची करून तिसरी. गेल्या आठवड्यात तारखेची एक चूक निघाली. ती मी दहा ठिकाणी दुरुस्त केली आणि अकराव्या ठिकाणी विसरले. एका गृहस्थांना भलत्याच वर्षाचा अहवाल गेला. त्यांनी तो वाचला आणि परत आणून दिला, हे आमचं नशीब.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुम्ही तीस एप्रिलला निवृत्त होणार. तुमच्यामागे ही अकरा भोकं कोण बुजवणार?"

तेव्हा ठरवलं. अकरा स्क्रीन मोडायच्या आणि एकच क्लास लिहायचा. त्याला फक्त तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या तक्त्यात शोध, कुठल्या रकान्यांत शोध आणि काय काय दाखव. बाकीचं त्याने करायचं. नाव शोधक.

रोज काय केलं हे डॉक्टरांच्या अहवालात जाईल. का केलं, ते या वहीत. माझ्यामागून येणाऱ्याला दोन्ही लागतील. पण वही मी त्याला देईनच असं नाही.

५ मार्च, बुधवार

वन्संना सांगितलं की क्लास लिहिते आहे. वन्सं म्हणजे माझी नणंद. यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला.

"या वयात क्लास? तुझ्याकडे येणार कोण, वहिनी? माझ्याकडे तरी मुलं घाबरून यायची."

"माणसांचा नाही. प्रोग्रामचा."

"म्हणजे काय ते नकाशा काढून सांग."

मी सांगितलं, समजा घरात अकरा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत एक शिडी. एक पायरी सगळ्यांचीच कच्ची निघाली तर अकरा शिड्या दुरुस्त करायच्या. त्यापेक्षा एकच शिडी ठेवावी आणि लागेल त्या खोलीत न्यावी.

"आणि त्या एकाच शिडीची पायरी कच्ची निघाली तर?"

"माझ्या शिडीची निघणार नाही."

वन्सं हसल्या. भूगोलवाल्यांना सगळीकडे दरीच दिसते.

त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी हातभर खाली आणून बांधली आहे. विचारलं तर म्हणतात, "म्हातारपणी आभाळाला कशाला हात लावायचा?" माझ्या चादरी जमिनीला लागतात. दोरी परत वर बांधायला सांगितलं पाहिजे.

१० मार्च, सोमवार

शोधण्याचा भाग पूर्ण. चार दिवस लागले. कॉलेजात होतो तेव्हा आम्हाला हे असं शिकवलंच नव्हतं. तेव्हा कार्डांना भोकं पाडायची आणि गप्प बसायचं. पुढचं मी पुस्तकं घेऊन स्वतः शिकले. त्यात कौतुकासारखं काही नाही, पगार त्याचाच घेते.

दाखवण्याचा भाग मात्र नवा लिहिला नाही. तो पहिल्या स्क्रीनमधून जसाच्या तसा उचलला. नोंदी नव्यापासून जुन्याकडे, एकाखाली एक, काळ्या पाटीवर लिहिल्यासारख्या. एका नजरेत मावतात, माणसाला खालीवर सरकवत बसावं लागत नाही. एकोणीस वर्षांत त्या तुकड्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला घालावी?

१४ मार्च, शुक्रवार

तळघरात जाऊन शोधकची पहिली चाचणी घेतली. तिथे काचघर आहे. शरीरातून काढलेल्या गाठीचा पातळ काप काचपट्टीवर चिकटवून ठेवतात आणि उरलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात. एकवीस वर्षांचं सगळं लाकडी खणांत आहे. तिथले राखणदार नंबरकाका. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण काका. कोणी नाव सांगितलं की हे नंबर सांगतात. खोकताना सुद्धा नंबर सांगत असतील.

आमच्याच आडनावाने शोधून पाहिलं, कारण आमचं आडनाव गल्लोगल्ली आहे. दोन सेकंदांत पंचवीस नोंदी आल्या. मग एका वर्षाच्या मानेच्या गाठी शोधल्या. पंचवीस. सुबक, एका स्क्रीनवर.

नंबरकाका उठले आणि खण उघडून पट्ट्या मोजायला लागले.

मी म्हटलं, "काका, यंत्राने शोधल्यावर पुन्हा हाताने कशाला शोधता?"

"सवय, बाई."

"सवयीला औषध नाही."

"नाहीच. पण बाई, तुमचं यंत्र कायम पंचविशीतच कसं? माझी तर कधीच सरली."

आमच्या वयाला हे विनोद शोभत नाहीत. वर त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलंसुद्धा. माझ्याविरुद्ध टिपणं ठेवताहेत असं दिसतं.

१९ मार्च, बुधवार

मोठे डॉक्टर बेहद्द खूश. अकराही स्क्रीन बंद केल्या, सगळीकडे शोधक. शोधकचं काम पाहून त्यांनी एक निर्णय घेतला. तळघराची जागा नव्या यंत्रासाठी हवी आहे. तेव्हा पंधरा वर्षांहून जुन्या पट्ट्यांपैकी गंभीर गाठीचा शेरा असलेल्या तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या नष्ट करायच्या. असली जुनी सहा वर्षं आहेत. कोणत्या ठेवायच्या ते शोधकने सांगायचं.

मी वर्षागणिक शोध लावून यादी छापून दिली. सहा वर्षांच्या मिळून दीडशे. इतका गोल आकडा क्वचित हाती येतो. डॉक्टर म्हणाले, "दीडशे? मला वाटलं होतं पाचशे तरी असतील. छान! एका कपाटात मावतील."

टाकायच्या पट्ट्या न्यायला गाडी पाच एप्रिलला येणार. त्यानंतर काचघराला राखणदार लागणार नाही. नंबरकाकांना पुढच्या दारावर टोकन वाटायला बसवतील. त्यांना नंबरांची आवड आहेच.

२२ मार्च, शनिवार

सकाळी भाजी निवडताना वन्संनी विचारलं, "तुझा तो शोधक माणसंही शोधतो का गं?"

"नोंद असेल तर शोधतो."

"मग मला शोध."

"तुम्ही समोर बसला आहात."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," असं म्हणून त्या हसल्या आणि उगाच डाव्या दंडाला धरून बसल्या. मग म्हणाल्या, "माझी ती जुनी गाठ काढली होती ना, दादा होता तेव्हा. तिची पट्टी अजून असेल का? सहज विचारते."

"सोमवारी पाहीन."

"विसरू नकोस हं."

निवृत्तीनंतर माणसाला रिकामपण फार. काहीही आठवत बसतात.

२४ मार्च, सोमवार

विसरले नाही. वन्संचं आडनाव घालून पाहिलं. पंचवीस नोंदी, सगळ्या वाचल्या, वन्सं त्यात नाहीत. नंतर ठेवायच्या पट्ट्यांची यादीही पाहिली. तिथेही नाहीत. जुन्या वह्या मशीनवर चढवताना राहिली असेल.

घरी येऊन सांगितलं, "तुमची नोंद नाही. सुटलात."

"नक्की नाही?"

"यंत्राने पाहिलं, वर मी पाहिलं."

"म्हणजे मला काही झालंच नव्हतं," असं म्हणून त्या गॅलरीत गेल्या आणि बराच वेळ झाडांना पाणी घालत राहिल्या. सकाळी एकदा घातलेलं होतं. सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे, उन्हं वाढलीत."

२७ मार्च, गुरुवार

नंबरकाकांविरुद्ध मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. प्रत्येक शोधानंतर ते खण उघडून पुन्हा मोजतात, दुप्पट वेळ जातो, आणि विचारलं की डोळे मिचकावतात. काल त्यांनी माझ्या यादीबाहेरचे आठ खण टाकायच्या ढिगात जाऊ द्यायला नकार दिला. म्हणे, "हे अजून मला पटलेले नाहीत." राखणदाराला पटायचं काय कारण?

पत्र लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. भाषा कडक आहे पण अन्याय कुठे नाही. शिपायाबरोबर पाठवलं.

एक प्रामाणिकपणे लिहून ठेवते. पाठवल्यावर बरं वाटलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

वन्सं दुपारी चप्पल दुरुस्त करायला म्हणून गेल्या. तीन तासांनी आल्या. चप्पल तशीच, अंगठा तुटलेला. मी म्हटलं, "दुकान बंद होतं का?" म्हणाल्या, "दुकान चालू होतं, माझंच लक्ष नव्हतं." जेवताना भाताला हात न लावता उठल्या.

३ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळी दहाला नंबरकाका माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आले. एकोणीस वर्षांत ते कधी वर आलेले नाहीत. गुडघ्यांमुळे ते तळघरातूनच फोन करतात. लिफ्टची वाट न पाहता जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होते. हातात छोटी लाकडी पेटी. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, ही तुमच्या मशीनमध्ये आहे का ते बघा."

पेटीवर नंबर होता, खाली नाव. आडनाव आमचं. नाव वन्संचं.

"ही तुम्हाला कुठे मिळाली?"

"टाकायच्या ढिगात. काल संध्याकाळी सातपर्यंत शोधत होतो."

"तुम्हाला शोधायला कोणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. बसले, मग म्हणाले, "तुमच्या वन्सं काल खाली आल्या होत्या. तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चाललो. डाव्या काखेजवळ पुन्हा गाठ आलीय. बाहेरच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सुईने तिचा तुकडा काढून नवी पट्टी बनवली. त्या म्हणाल्या, जुनी पट्टी आणा. शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ही जुनीच परत आली की नवी, ते कळत नाही. जुनी असेल तर उपचार वेगळे, नवी असेल तर वेगळे. बाई, तुमच्या मशीनने सांगितलं नोंद नाही. मग त्या माझ्याकडे आल्या."

दोरी. चादरी. भाजी निवडताना धरलेला दंड. सगळं याच वहीत माझ्याच अक्षरात आहे.

मी शोधकमध्ये आडनाव घातलं. पंचवीस नोंदी. वन्सं नाहीत.

नंबरकाकांनी ती खिशातली छोटी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. दोन रकाने. एकात मशीन, एकात खण. पंचवीस आणि एकसष्ट. पंचवीस आणि चाळीस. पंचवीस आणि अठ्ठावन्न. जिथे खणात अकरा होत्या तिथे मशीनच्या खाली अकराच होत्या, आणि जिथे सात तिथे सात.

"पंचवीसच्या आत असलं की बरोबर सांगतं," काका म्हणाले. "वर गेलं की पंचवीसवर थांबतं. मी म्हटलं होतं तुम्हाला."

"तुम्ही विनोद केला होता."

"मग तुम्हाला सरळ कोण सांगणार, बाई? तुम्ही ऐकून घेण्याआधीच पत्र लिहिता."

पत्राचं त्यांना माहीत होतं तर.

कारण मला बसल्या जागी कळलं. पहिली स्क्रीन लिहिली तेव्हाच्या यंत्रावर पंचवीसच ओळी मावायच्या. म्हणून मी तेव्हा लिहिलं होतं की पंचवीस आणा आणि थांबा. तेव्हा सगळ्या मिळून नोंदीच थोड्या होत्या. सव्विसावी ओळ कधी आलीच नाही. पुढे नोंदी वाढल्या. पण लोक शोध घेतात तो गेल्या महिन्यातल्या माणसाचा, आणि नवी नोंद नेहमी वरच असते, म्हणून कोणाला काही उणं दिसलं नाही. तो तुकडा मी दहा स्क्रीनमध्ये उतरवला आणि आता शोधकमध्ये उचलून ठेवला. शिडी एकच, आणि पायरी कच्ची तीच. वन्सं म्हणाल्याच होत्या.

ती अट काढून पुन्हा शोध लावला. एकसष्ट नोंदी. शेवटून तिसरी वन्सं.

मग जुन्या सहा वर्षांचे शोध लावले. ठेवायच्या पट्ट्या दीडशे नव्हेत, तीनशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे अडतीस माणसांच्या पट्ट्या परवा गाडीत चढणार होत्या.

मी यादी घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. नंबरकाकांना बरोबर नेलं, लिफ्टने.

"गाडी थांबवा. यादी चुकीची आहे."

"यादी तर तुमची आहे."

"म्हणूनच सांगायला मी आले. चूक माझी आहे, एकोणीस वर्षांची आहे, आणि ती यांनी पकडली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण मला तळघर लागणार आहे."

"लागू दे. ज्यांच्या पट्ट्या आहेत त्यांना त्या लागतील तेव्हा तुम्ही काय सांगाल?"

त्यांनी फोन उचलला आणि गाडी रद्द केली. ठेवून झाल्यावर म्हणाले, "मग आता नंबरकाकांना टोकनवर बसवता येणार नाही म्हणा."

"यंत्र खरं बोलतं की खोटं हे पाहणारा एक तरी माणूस तुम्हाला नको असेल तर बसवा."

नंबरकाका छताकडे पाहत होते. डोळे मिचकावले नाहीत.

४ एप्रिल, शुक्रवार

काल घरी गेल्यावर पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली. वन्संनी ती पाहिली आणि खुर्चीत बसल्या.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"विचारलं होतं की. तू म्हणालीस, नोंद नाही, सुटलात."

"यंत्राने सांगितलं तसं."

"यंत्राला बोलायला कोणी शिकवलं?"

उत्तर ठाऊक होतं.

"तुझे शेवटचे दिवस आहेत कामाचे," वन्सं म्हणाल्या. "होऊन जाऊ दे म्हटलं तुझं. नंतर सांगणारच होते."

"नंतर म्हणजे केव्हा?"

"तू चादरींवरून भांडायला आलीस की."

मी रागावले, आणि मग मलाही हसू आलं, आणि त्या हसता हसता रडल्या. पाच मिनिटं. मग म्हणाल्या, "चहा कर, वहिनी. साखर घाल थोडी, बुद्धीला." चहा केला. दोरी मी तशीच खाली ठेवली आहे. चादरी दुहेरी घडी करून घालता येतात, हे आधी सुचायला हवं होतं.

आज सकाळी पट्ट्या घेऊन तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे दोघी गेलो. काल नंबरकाकांनी काचघराच्या वहीत माझी सही घेतल्याशिवाय पेटी सोडली नव्हती. "नेणाऱ्याचं नाव, कशासाठी, परत केव्हा." शेवटच्या रकान्यात काय लिहू ते कळेना. म्हणाले, "मोकळा सोडा. मी पेन्सिलने खूण करतो."

९ एप्रिल, बुधवार

शोधकमध्ये दोन बदल केले. एक, वर आकडा येतो: एकूण एकसष्ट, पैकी पंचवीस समोर, पुढच्या पाहण्यासाठी इथे दाबा. दोन, पूर्वी काही न मिळाल्यास "नोंद नाही" अशी ओळ यायची. ती मी काढली. नोंद नाही हे यंत्राला कसं कळणार? त्याला एवढंच कळतं की त्याला सापडली नाही. आता ओळ अशी आहे: "या शब्दांनी सापडली नाही. काचघरात विचारा."

डॉक्टर म्हणाले, ही ओळ जरा घरगुती वाटते. मी म्हटलं, वाटू दे.

नंबरकाकांबद्दलचं पत्र परत मागून घेतलं.

१६ एप्रिल, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी जुन्या आणि नव्या पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या. जुनी परत आलेली नाही. ही वेगळी आहे, लहान आहे, आणि वेळेत सापडली आहे. सोमवारी आमच्याच हॉस्पिटलात शस्त्रक्रिया, पुढे औषधं. वन्संनी विचारलं, "म्हणजे माझ्या नकाशावर आता दोन बेटं?" डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मला कळलं.

२२ एप्रिल, मंगळवार

काल झाली. ठीक आहेत. पहिलं वाक्य, "झाडांना पाणी घातलंस?" घातलं होतं.

३० एप्रिल, बुधवार

आज सुपूर्द केल्याची नोंद.

माझ्या जागी येणाऱ्या बाईंना: शोधक, एक फाइल, तीनशे चौदा ओळी; अकरा जुन्या स्क्रीन, बंद, वाचण्यापुरत्या; खोलीची किल्ली, एक. जिथे पंचवीसची अट होती तिथे ती का होती आणि का काढली, हे फाइलमध्येच लिहून ठेवलं आहे. बाईंनी विचारलं, "हे कुठून कळलं?" मी म्हटलं, "तळघरातून. जाऊन भेटा, पण त्यांना वर बोलावू नका, गुडघे दुखतात."

नंबरकाकांना: त्यांच्याविरुद्धचं पत्र, एक, त्यांनी हवं ते करावं म्हणून. त्यांनी ते वाचलं, "भाषा चांगली आहे," म्हणाले, त्यावर नंबर टाकला आणि खणात ठेवलं.

काचघराला परत: लाकडी पेटी एक, जुन्या काचपट्ट्या तीन, मेणाचा ठोकळा एक. वन्संनी स्वतः आणून दिली, उजव्या हाताने. पेन्सिलीची खूण काकांनी खोडली आणि शाईने तारीख घातली. सोबत नव्या शस्त्रक्रियेच्या पट्ट्या दोन, नवा नंबर. त्या खणात जाण्यापूर्वी त्यांची नोंद मी मशीनवर चढवली. हे माझं इथलं शेवटचं काम.

मग वन्सं म्हणाल्या, "आता शोध बघू मला."

आडनाव घातलं. एकूण बासष्ट, पैकी पंचवीस समोर. पहिलीच ओळ वन्संची. पुढे दाबलं, आणखी पुढे. शेवटून तिसरी, तीही वन्संचीच. काकांनी खण उघडून जुन्या तीन आणि नव्या दोन पट्ट्या मोजल्या, मी थांबले.

"बरोबर आहे, बाई," ते म्हणाले.

पाहून स्वाधीन केलं. सही.